केराटोकोनस: डाल्क करू की सरळ पीके?

केराटोकोनस म्हणजे कॉर्निया, डोळ्याचा पुढचा पारदर्शक भाग, पातळ होऊन टोकदार होत जाणं; डाल्क आणि पीके ही तो बदलायची दोन ऑपरेशनं. त्याबद्दल आलेलं पत्र असं आहे:

"ताई, माझं वय २४, वाळूज एमआयडीसीत सीएनसी मशीनवर कामाला आहे. कॉलेजात असताना दोन्ही डोळ्यांत केराटोकोनस निघाला. उजवा डोळा खूपच पुढे गेलाय, बुबुळाच्या मधोमध डाग आलाय, आई त्याला फूल पडलं म्हणते. हार्ड लेन्स टिकत नाही, पडून जाते. पांढऱ्या भागावर टेकणाऱ्या मोठ्या स्क्लेरल लेन्सची ट्रायल पण झाली पण ६/२४ च्या पुढची ओळ वाचता येईना. आता कॉर्निया बदलायला सांगितलाय. एक डॉक्टर म्हणतात डाल्क करू पण आतला थर फाटला तर टेबलवरच पीके करावं लागेल, दोन्हीच्या कागदावर सही दे. दुसरे म्हणतात कशाला तो खटाटोप, सरळ पीके कर, दिसायला तेच चांगलं. मामा म्हणतो मोठ्या शहरात लेझरने बिनब्लेडचं करतात तिकडे जाऊ. मला पहिल्या डॉक्टरांची भीतीच वाटायला लागलीय, त्यांना स्वतःलाच खात्री नाही का? डाव्या डोळ्याला चष्म्याने ६/९ दिसतं पण वर्षभरात रिपोर्टमधला आकडा ४९ वरून ५१.५ झालाय, घरचे म्हणतात आधी मोठं ऑपरेशन उरकू, डाव्याचं मग बघू. आणि मी गावच्या संघात कबड्डी खेळतो, ते परत जमेल का?"

अरे, सगळ्यात आधी डावा डोळा. पत्रात तू त्याला शेवटी एका ओळीत उरकलंयस पण मला काळजी त्याचीच जास्त वाटली. तो आकडा कॉर्नियाच्या बाकाचा असतो, ४९ चा ५१.५ म्हणजे वर्षात अडीच डायॉप्टर, आम्ही एक डायॉप्टर वाढला तरी आजार पुढे सरकतोय असं धरतो, आणि तुझं वय २४ आहे, म्हणजे हा आजार आपोआप मंदावायला अजून बरीच वर्षं आहेत, बहुतेकांचा तिशी उलटल्यावर कुठे हळू होतो. डाव्याने आज ६/९ दिसतंय म्हणून तू मशीन चालवतोस, गाडी चालवतोस, आणि उजव्याचं ऑपरेशन झाल्यावर कित्येक महिने सगळा भार त्याच एका डोळ्यावर असणारय. तो "मग बघू" वर सोडायचा नाही.

त्याला सी-थ्री-आर लागेल. यात बुबुळावरची सगळ्यात वरची नाजूक कातडी अलगद काढतात, रायबोफ्लेविन म्हणजे बी-टू जीवनसत्त्वाचे थेंब अर्धा तास मुरवतात आणि मग ठरावीक अल्ट्राव्हायोलेट प्रकाश देतात, त्याने कॉर्नियातल्या कोलॅजनच्या धाग्यांमध्ये नवे बंध तयार होतात आणि कॉर्निया कडक होतो. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या डॉक्टरांनी २००३ मध्ये याचे पहिले रिझल्ट छापले, मूळ पद्धतीत प्रकाशही अर्धा तास द्यायचे, आता बऱ्याच ठिकाणी कमी वेळात करतात. कातडी काढल्यावर जाडी ४०० मायक्रॉन तरी शिल्लक पाहिजे, त्याहून पातळ असेल तर थोड्या वेगळ्या पद्धतीने करतात, ते तुझ्या रिपोर्टवरून डॉक्टर सांगतील. तीन-चार दिवस चांगलंच दुखतं आणि पाणी येतं, हे आधीच सांगून ठेवते म्हणजे घाबरणार नाहीस. नंबर कमी होईल या आशेने करू नकोस, जे आहे ते तिथेच थांबवण्यासाठी ते असतं आणि तेवढ्यासाठीच ते लाखमोलाचं आहे. उजव्याला कुणी सहा-सात वर्षांपूर्वी हे केलं असतं तर आज तू मला डाल्क आणि पीके विचारत नसतास, म्हणून घरच्यांना हे वाक्य जसंच्या तसं वाचून दाखव. टिश्यूसाठी, म्हणजे दात्याच्या कॉर्नियासाठी, नाव लावून ठेव आणि नंबर येईपर्यंतच्या काळात डाव्याचं उरकून घे, दोन्ही डॉक्टरांपैकी कुणीही याला नाही म्हणणार नाही.

आता उजवा. ऑपरेशन खरंच लागणारय का, तर तू जे लिहिलंयस त्यावरून हो. पुष्कळ पोरं लेन्स टोचते म्हणून ऑपरेशन मागायला येतात आणि मग नीट बसवलेल्या स्क्लेरल लेन्सने ६/९, ६/६ वाचतात, त्यांना मी ऑपरेशनपासून लांबच ठेवते. पण तुझी ट्रायल झालीय आणि तरी ६/२४ च्या पुढे जात नाही, म्हणजे अडथळा नुसत्या वाकड्या आकाराचा नाहीये, मधला डाग उजेड अडवतोय, आणि लेन्स कितीही चांगली असली तरी डाग काही पुसत नाही.

तर कॉर्नियाचं असं आहे बघ, तो मध्यभागी साधारण अर्धा मिलिमीटर जाड असतो आणि त्यातला नव्वद टक्के भाग म्हणजे मधला जाड थर, स्ट्रोमा. केराटोकोनस बिघडवतो तो हा थर, पातळ करतो आणि पुढे टोकदार करतो. त्याच्या खाली एक अगदी बारीक पण चिवट पापुद्रा असतो, डेसिमेट मेम्ब्रेन, आणि त्याच्याही आतल्या बाजूला पेशींची एकच रांग, एन्डोथेलियम. या पेशी दिवसरात्र कॉर्नियातलं पाणी बाहेर उपसतात म्हणून तो काचेसारखा स्वच्छ राहतो. त्या मेल्या की नव्या तयार होत नाहीत, जन्मभर तेवढ्याच पुंजीवर चालवायचं असतं. आणि तुझ्या वयाच्या केराटोकोनसच्या पेशंटमध्ये ही पेशींची रांग सहसा एकदम धडधाकट असते. सगळा निर्णय या एका गोष्टीभोवती फिरतो: ज्याच्यात बिघाड नाही तो थर तुझा तुझ्याकडे ठेवायचा की तोही कापून दुसऱ्याचा लावायचा.

पीके म्हणजे पेनिट्रेटिंग केराटोप्लास्टी, यात मधला सुमारे आठ मिलिमीटरचा गोल तुकडा आरपार, सगळ्या थरांसकट काढतात आणि दात्याचा तसाच पूर्ण जाडीचा तुकडा टाक्यांनी बसवतात. हे जुनं आणि खात्रीचं ऑपरेशन आहे, माणसावरचं पहिलं यशस्वी १९०५ च्या डिसेंबरात झालं, आजच्या चेक देशातल्या ओलोमोउच गावी एडुआर्ड झिर्म नावाच्या डॉक्टरने चुन्याने डोळे भाजलेल्या एका मजुरावर केलं, आणि १९३० च्या दशकात कास्त्रोव्हिएहो नावाच्या डॉक्टरने ते केराटोकोनससाठी वापरायला सुरुवात केली. लाखो लोकांना त्याने दिसायला लागलंय, त्याला नावं ठेवायचं काहीच कारण नाही. पण त्यात तीन गोष्टी येतात. एक, जुना तुकडा काढून नवा बसेपर्यंत काही मिनिटं डोळा अक्षरशः उघडा असतो, आणि त्या वेळात आतून रक्तस्राव झाला तर, तो फार क्वचित होतो पण झाला तर डोळा जाऊ शकतो. दोन, पेशी दात्याच्या असतात, आपलं शरीर त्यांना परकं समजून हल्ला करू शकतं, हेच ते रिजेक्शन, आणि ते पहिल्या वर्षातच होतं असं नाही, दहा वर्षांनीही होऊ शकतं. तीन, रिजेक्शन नाही झालं तरी दात्याच्या पेशी आपल्या स्वतःच्या पेशींपेक्षा जास्त वेगाने कमी होत जातात. ऑस्ट्रेलियात अशा ऑपरेशनांची मोठी नोंदवही ठेवलीय, तिथे केराटोकोनससाठी केलेले पीके दहा वर्षांनी दहापैकी जवळपास नऊ स्वच्छ होते, वीस वर्षांनी मात्र निम्मेच. साठीच्या माणसाला हा हिशोब चालून जातो. तू २४ चा आहेस, वीस वर्षांनी ४४ चा असशील, मुलं शाळेत असतील तेव्हा दुसऱ्यांदा ऑपरेशन, आणि दुसऱ्या वेळी रिजेक्शनचा धोका पहिल्यापेक्षा जास्त.

डाल्क म्हणजे डीप अँटिरियर लॅमेलर केराटोप्लास्टी. यात पुढचा बिघडलेला स्ट्रोमा सगळा काढायचा आणि आतला पापुद्रा पेशींसकट तुझाच ठेवायचा, दात्याच्या तुकड्याचा आतला थर सोलून टाकायचा आणि उरलेला तुझ्या पापुद्र्यावर बसवून शिवायचा. ऐकायला सोपं वाटतं पण ज्याला हात लावायचा नाही तो थर केसापेक्षा कितीतरी पातळ असतो, म्हणून पूर्वी हे एकेक पदर सोलत करायला तासन्‌तास लागायचे आणि शेवटी थोडा स्ट्रोमा मागे राहायचाच, दोन पृष्ठभागांच्या मध्ये धुरकटपणा यायचा. तुझे दुसरे डॉक्टर जे म्हणतात ना पीकेने दिसायला चांगलं, ते या जुन्या काळाचं अगदी खरं आहे. मग २००२ मध्ये सौदी अरेबियात काम करणाऱ्या अन्वर आणि टाइशमान या दोघांनी बिग बबलची, म्हणजे मोठ्या फुग्याची, पद्धत छापली आणि चित्र बदललं. गोल चीर अर्ध्याहून जास्त खोलीपर्यंत द्यायची, त्यातून एक बारीक सुई किंवा कॅन्युला स्ट्रोमाच्या तळाशी न्यायची आणि हवा सोडायची. तव्यावरची भाकरी विस्तवावर धरली की आत वाफ धरून तिचा पापुद्रा कसा टम्म वर सुटतो, तशी ती हवा स्ट्रोमा आणि आतला थर यांच्यात घुसून त्यांना वेगळं करते, मायक्रोस्कोपखाली पांढरी गोल चकती पसरताना दिसते, आणि ती पूर्ण पसरली की ऑपरेशन थिएटरमध्ये सगळ्यांचा श्वास मोकळा होतो. मग वरचा स्ट्रोमा चार भागांत कापून काढून टाकायचा आणि खाली स्वच्छ पापुद्रा उरतो.

हा फुगा कुठे सुटतो यावर पण बरंच अवलंबून आहे. नागपूरला शिकलेले आणि इंग्लंडात नॉटिंगहॅमला प्रोफेसर असलेले हरमिंदर दुआ यांनी २०१३ मध्ये दाखवून दिलं की डेसिमेटच्या वर अजून एक पातळ पण मजबूत थर आहे, आणि फुगा त्याच्या वर सुटला तर खालची भिंत दणकट राहते, त्याच्या खाली सुटला तर उरलेली भिंत इतकी नाजूक की जरा दाब वाढला की फुटली. सर्जनने कितीही काळजी घेतली तरी हवा कुठून वाट काढेल हे शंभर टक्के त्याच्या हातात नसतं. कधी फुगा सुटतच नाही, मग हाताने पदर सोलत जावं लागतं. कधी बारीक छिद्र पडतं, ते सांभाळून डाल्क पूर्ण करता येतं. कधी मोठी चीर जाते आणि मग पीके हाच शहाणपणाचा मार्ग असतो.

म्हणून तुझ्या भीतीचं उत्तर. पहिल्या डॉक्टरांनी "फाटलं तर पीके करू" असं सांगून दोन्हीची सही मागितली, हे त्यांना खात्री नाही म्हणून नव्हे. जगातला चांगल्यातला चांगला डाल्क करणारा सर्जन हेच सांगतो आणि हीच सही घेतो. मला उलट त्या माणसाबद्दल शंका येईल जो म्हणतो काही काळजी नको, माझं कधीच फाटत नाही. आणि हेही नीट लक्षात घे की डाल्क करता करता पीके करावं लागलं तर तू काही गमावत नाहीस, तुला तेच मिळतं जे दुसरे डॉक्टर पहिल्यापासून देऊ करतायत. प्रयत्न जमला तर मात्र तुझ्या स्वतःच्या पेशी जन्मभर तुझ्याकडे राहतात आणि आतल्या थराचं रिजेक्शन, जे सगळ्यात वाईट, ते होऊच शकत नाही कारण तो थर परका नाहीच. वरच्या थरांचं रिजेक्शन डाल्कमध्येही होऊ शकतं पण ते थेंबांनी बहुतेक वेळा आटोक्यात येतं. दिसण्याचं म्हणशील तर २०१४ मध्ये उपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेने केराटोकोनसमधल्या तुलनांचा आढावा घेतला, त्यात दोन्हींच्या नजरेत फरक असल्याचा पुरावा सापडला नाही, आणि रिजेक्शन मात्र डाल्कमध्ये कमी. तेव्हा माझं मत विचारशील तर तुझ्या वयाला डाल्कचा प्रयत्न झालाच पाहिजे.

पण थांब, एक गोष्ट आहे जी तू पत्रात लिहिली नाहीस आणि ती तपासल्याशिवाय मी दुसऱ्या डॉक्टरांना चूक म्हणणार नाही. आठव बरं, उजवा डोळा कधी एका दिवसात अचानक पांढराफटक झाला होता का, दुखणं, पाणी, उजेड अजिबात सहन न होणं, आणि मग दोन-तीन महिन्यांत हळूहळू निवळलं असं? त्याला हायड्रॉप्स म्हणतात, आतला पापुद्रा ताणून ताणून स्वतःच फाटतो आणि डोळ्यातलं पाणी कॉर्नियात शिरतं, आणि मागे डाग ठेवून जातं. तसं झालं असेल तर तुझा पापुद्रा आधीच जोडलेला आहे, तिथे हवा सोडली तर जुन्या व्रणातूनच फाटायची शक्यता मोठी, मग फुग्याच्या नादी न लागता हाताने जपून सोलायचं किंवा सरळ पीके करायचं, आणि तसं असेल तर दुसरे डॉक्टर बरोबर आहेत. डाग किती खोल गेलाय हे कॉर्नियाच्या ओसीटी स्कॅनमध्ये स्पष्ट दिसतं, पाच मिनिटांची तपासणी, काही टोचत नाही. तो स्कॅन झाला नसेल तर आधी तो करून घे आणि दोघांनाही दाखव, मला वाटतं दोघांच्या मतातला फरक तिथेच मिटेल.

मामांच्या लेझरबद्दल. फेमटोसेकंड लेझर ही गोल चीर द्यायचं काम करतो, नागमोडी किंवा पायरीची कड कापता येते त्यामुळे जोड जास्त पक्का बसतो, हे खरं. पण टाके घालावेच लागतात, आतला थर वेगळा करायचं कौशल्य सर्जनच्याच हातात राहतं, दाट डाग असेल तर लेझर नीट आरपार जात नाही, आणि खर्च भरपूर वाढतो. ब्लेडने केलेलं डाल्क यापेक्षा कमी प्रतीचं आहे असं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. आणि लेझर म्हटलं की घरात कुणीतरी लॅसिकचं नाव काढतंच, तर डाव्या डोळ्याला लॅसिक कधीही नाही, केराटोकोनसमध्ये कॉर्निया अजून पातळ करणं म्हणजे आजाराला वाट करून देणं. यूट्यूबवर बिनटाक्याचं कॉर्निया ट्रान्सप्लांट दाखवतात ते पण तुझ्यासाठी नाही, त्यात फक्त आतला पेशींचा थर बदलतात, आणि तुझा तर तोच चांगला आहे.

ऑपरेशनच्या दिवसाबद्दल सगळे बोलतात, नंतरच्या वर्षाबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलते. साधारण सोळा टाके असतात, केसाहून बारीक नायलॉनचे, लांबून कुणाला दिसत पण नाहीत, म्हणजे लग्नाच्या बैठकीत डोळ्याकडे बघून कुणाला काही कळायचं नाही पण तू मुलीला आणि तिच्या घरच्यांना स्वतःहून सांग असंच मी म्हणेन. पहिले काही आठवडे नजर धूसर, मग हळूहळू उघडत जाते, आणि महिन्याला नंबर बदलतो म्हणून लगेच चष्मा करायची घाई करायची नाही. टाके कुठे घट्ट, कुठे सैल, त्याने तिरका नंबर येतो, टोपोग्राफी म्हणजे कॉर्नियाच्या आकाराचा नकाशा काढून जो टाका ओढतोय तो निवडून काढतात. डाल्कमध्ये हे काम लवकर सुरू करता येतं, पीकेमध्ये जखम भरायला वेळ लागतो म्हणून सगळे टाके निघेपर्यंत वर्ष-दीड वर्ष सहज जातं. आणि सगळे निघाल्यावरही तिरका नंबर बऱ्यापैकी राहू शकतो, कुणाला चष्म्यावर भागतं, कुणाला परत लेन्स लागते, फक्त आता ती लेन्स नीट बसते आणि तिच्यातून दिसतं. "ऑपरेशन करून पण लेन्स लागली" म्हणून रडणारी पोरं मी पाहिलीयत, त्यांना हे आधी कुणी सांगितलंच नव्हतं.

स्टिरॉइडचे थेंब आपल्या मनाने बंद करायचे नाहीत आणि आपल्या मनाने चालू पण ठेवायचे नाहीत. बंद केले तर रिजेक्शन, बेहिशेबी चालू ठेवले तर डोळ्याचं प्रेशर वाढून काचबिंदू नाहीतर मोतीबिंदू. डाल्कमध्ये हे थेंब काही महिन्यांत कमी करत बंद करता येतात, पीकेमध्ये जास्त काळ लागतात, हा पण डाल्कचा मोठा फायदा आणि तो कुणी मोजत नाही. दर भेटीला प्रेशर तपासून घे, डॉक्टर गडबडीत असतील तर तूच आठवण कर. डोळा लाल झाला, उजेड सहन होईना, दिसणं अचानक कमी झालं किंवा दुखायला लागलं, या चारपैकी एक जरी झालं तरी त्याच दिवशी जायचं, रविवार असला तरी. वाळूतलं काहीतरी टोचल्यासारखं वाटलं तरी जायचं, सैल झालेला टाका असतो तो, आणि त्याच्या वाटेने जंतू आत शिरतात.

आणि डोळे चोळणं बंद म्हणजे बंद, दोन्ही डोळ्यांचं, आज रात्रीपासून. खाज येत असेल तर त्यामागे अ‍ॅलर्जी आहे, तिचे थेंब असतात, ते नियमाने घाल, गार पाण्याची पट्टी ठेव. हातावर किंवा उशीवर डोळा दाबून पालथं झोपायची सवय असेल तर तीही मोड. नवीन कॉर्निया बसवल्यावरही चोळत राहिलं तर पुढे जाऊन तो पण वाकडा होतो.

कबड्डीचं मी गोड करून सांगणार नाही. पीके झालं तर नाही, कायमचं नाही, कारण ती गोल जखम भरली तरी मूळच्या ताकदीची कधीच होत नाही आणि एखाद्याचं कोपर किंवा गुडघा डोळ्यावर बसला तर जोड उघडून डोळा फुटू शकतो, ऑपरेशनला दहा वर्षं झाली असली तरी. डाल्क झालं तर तुझा स्वतःचा पापुद्रा आत अखंड असतो म्हणून डोळा तुलनेने मजबूत राहतो, पण तरीही चढाईला जाऊन पाच जणांच्या अंगाखाली सापडायचा खेळ मी तुला खेळू देणार नाही. मला माहितीय गावच्या संघातून बाहेर पडणं काय असतं, मोसम सुरू झाला की मैदानाकडे पाय वळतातच. पळणं आहे, व्यायाम आहे, काही महिन्यांनी डॉक्टरांना विचारून पॉलिकार्बोनेटचा गॉगल घालून बॅडमिंटन आहे, पोरांना शिकवायचं पण आहे. कंपनीत परत जाशील तेव्हा सेफ्टी गॉगल एक मिनिटही उतरवायचा नाही, कूलंटचे शिंतोडे आणि धातूचा किस दोन्ही वाईट, आणि पहिले दोन-तीन महिने मशीनऐवजी दुसरं काम मागून घे, त्यासाठी डॉक्टरांचं पत्र लागेल ते डिस्चार्जच्या दिवशीच घे.

दात्याबद्दल घरच्यांना शंका असतील तर सांग की अख्खा डोळा बसवत नाहीत, कॉर्निया फक्त, आणि साध्या केसमध्ये ब्लडग्रुप जुळवायची गरज नसते. कॉर्निया विकत मिळत नाही, १९९४ च्या कायद्याने तो विकणं गुन्हा आहे, बिलात जे असतं ते आयबँकेचं तपासणी आणि साठवणीचं शुल्क. कुणीतरी गेल्यावर सहा तासांच्या आत त्यांच्या घरच्यांनी रडत रडत फोन केला म्हणून तो तुकडा तुझ्यापर्यंत पोचतो. खर्चासाठी तुझं ईएसआयसी कार्ड असेल तर आधी तिथे चौकशी कर, आणि महात्मा फुले योजनेत त्या हॉस्पिटलमध्ये हे बसतं का ते तिथल्या आरोग्यमित्राला विचार, सरकारी मेडिकल कॉलेजांतही ही ऑपरेशनं होतात. विचारताना नुसता ऑपरेशनचा आकडा विचारू नकोस, टाके काढायच्या भेटी, टोपोग्राफी आणि शेवटी लागली तर लेन्स, सगळं मिळून विचार. धाकटा भाऊ किंवा बहीण असेल तर त्यांची पण एकदा टोपोग्राफी करून घे, हा आजार घरात चालू शकतो आणि लवकर सापडला तर सी-थ्री-आरवर भागतं.

सही करायच्या आधी पहिल्या डॉक्टरांना हे तीन प्रश्न विचार. माझा आतला थर ओसीटीवर अखंड दिसतो का. तुम्ही वर्षभरात डाल्क किती करता आणि त्यातली साधारण किती पीकेवर जातात, हे विचारायला लाजू नकोस, चांगला सर्जन रागावत नाही. आणि त्या दिवशी येणारा टिश्यू पीकेच्या दर्जाचा असेल का, म्हणजे त्याच्या पेशी मोजलेल्या आणि चांगल्या असतील का, कारण नुसत्या डाल्कला कमी पेशींचा टिश्यूही चालतो पण टेबलवर पीके करायची वेळ आली तर तसला टिश्यू उपयोगाचा नाही. तिन्हींची उत्तरं नीट मिळाली तर निर्धास्त सही कर. हॉस्पिटल मात्र असं निवड की वाळूजहून तुला तासा-दोन तासांत पोचता येईल, कारण मोठ्या शहरातलं नावाजलेलं नाव ऑपरेशनच्या दिवशी कामाला येतं पण रात्री टाका सुटला तर उजाडायच्या आत तुला कुणीतरी स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळे तपासायच्या मायक्रोस्कोपवर, बघितलं पाहिजे.